चित्रपटांची शिदोरी

प्रवासास निघतांना शिदोरी बांधून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वाटेंत अन्न मिळेल न मिळेल, म्हणून दशम्या, चटणी आणि तांब्याभर पाणी बरोबर घेतल्यावांचून आपलीं वडील माणसें उंबरठा ओलांडीत नसत. हल्लींच्या प्रवाशाच्या पिशवींत आणखी एका शिदोरीची भर पडली आहे. पाहावयाचे चित्रपट व मालिका घरीं असतांनाच मोबाईलवर उतरवून घ्यावयाच्या, आणि जेथें इंटरनेट पोंचत नाहीं तेथें त्या पाहावयाच्या, हीच ती शिदोरी होय. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिजवर पाठ लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून आमच्यावरच गुदरलेला एक प्रसंग प्रथम सांगतों.

एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही आमच्या वृद्ध तीर्थरूपांस घेऊन कोंकण रेल्वेनें गांवीं निघालों होतों. लहानपणीं जत्रेच्या तंबूंत पाहिलेला एक जुना मराठी चित्रपट पुन्हां एकदां पाहावा, असें त्यांच्या मनांत फार दिवसांपासून होतें. तो चित्रपट एका ॲपवर आम्हांस सांपडला. घरच्या वायफायवर आम्हीं तो प्रवासाच्या तीन आठवडे आधींच मोबाईलवर उतरवून ठेवला, आणि "गाडींत बसल्यावर दाखवितों" असें त्यांस सांगून आम्ही निर्धास्त झालों.

कोंकण रेल्वेचा मार्ग रोह्याहून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४१ किलोमीटरांचा आहे. १९९८ सालीं या संपूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. सह्याद्रीचे फांटे फोडून जाणाऱ्या या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत, आणि रत्नागिरीच्या अलीकडील करबुड्याचा बोगदा तर सुमारें साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा मार्गावर इंटरनेटचा भरंवसा धरतां येत नाहीं, हें आम्ही जाणून होतों. म्हणूनच ही शिदोरी बांधली होती. चिपळूण सुटल्यावर आम्हीं मोठ्या ऐटीनें मोबाईल काढला, वडिलांच्या कानांस इअरफोन लाविले आणि चित्रपटाच्या नांवावर बोट ठेविलें. पडद्यावर चित्र न येतां अक्षरें आलीं, त्यांचा मतलब असा: या चित्रपटाची मुदत संपली आहे, इंटरनेटशीं जोडून ती वाढवून घ्यावी. बोगदा संपून उजेड येई तों आम्ही मुदत मागूं लागत असूं, आणि परवानगी येण्यापूर्वींच पुढचा बोगदा येऊन पुन्हां अंधार होई. असें चारपांच वेळां झालें. शेवटीं वडील म्हणाले, "राहूं दे. मला गोष्ट पाठ आहे." आणि रत्नागिरी येईपर्यंत त्यांनींच ती आम्हांस सांगितली.

गोष्ट त्यांनीं सुरेख सांगितली. परंतु आमचें मन खाऊं लागलें तें लागलेंच. चित्रपट आमच्या हातांत होता. त्याची एक एक आकृति त्या यंत्राच्या पोटांत साठविलेली होती. मग तो दिसला कां नाहीं? या प्रश्नाचा शोध घेतां आम्हांस जें समजलें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें क्रमानें मांडीत आहों.

प्रथम स्ट्रीमिंग म्हणजे काय तें पाहूं. चित्रपट कंपनीच्या दूरच्या संगणकावर, ज्यास सर्व्हर म्हणतात त्यावर, ठेवलेला असतो. तो एका सलग लांब पट्टीसारखा न पाठवितां त्याचे कांहीं सेकंदांचे एक, असे शेंकडों तुकडे केलेले असतात. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रती तयार असतात. आपला मोबाईल पुढचे कांहीं तुकडे मागवून हाताशीं ठेवतो आणि आधीं आलेला तुकडा दाखवितो. इंटरनेटचा वेग मंदावला कीं तो पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागवितो. म्हणून चित्र मध्येंच पुसट झालेलें आपणांस दिसतें. वेग अगदींच तुटला कीं हाताशीं असलेले तुकडे संपतात व चित्र थांबतें. नळास पाणी येत आहे तोंवर ओंजळीनें प्यावें, तशी ही रीत आहे. उतरवून घेणें, म्हणजेच डाउनलोड करणें, ही घागर भरून ठेवण्याची रीत होय. तुकडे तेच, फक्त ते सर्व आधींच मागवून मोबाईलच्या साठ्यांत ठेवावयाचे.

एवढा मोठा चित्रपट तळहाताएवढ्या यंत्रांत मावतो तरी कसा? येथें थोडें गणित करूं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें कागदावर पडताळून पाहावें. स्पष्ट चित्राची एक आकृति आडव्या १९२० व उभ्या १०८० ठिपक्यांची असते. गुणाकार केल्यास २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तीन बाइट लागतात असें धरलें, तर एका आकृतीस ६२,२०,८०० बाइट झाले. चित्रपटांत सेकंदास २४ आकृत्या डोळ्यांपुढून जातात. तेव्हां एका सेकंदास सुमारें १५ कोटी बाइट झाले. दोन तासांचे ७,२०० सेकंद होतात. त्यांनीं गुणिल्यास सुमारें १,०७५ अब्ज बाइट, म्हणजे १,०७५ गिगाबाइट होतात. १२८ गिगाबाइटांचे आठ मोबाईल रिते करून ठेविले तरी त्यांत हा एक चित्रपट मावणार नाहीं!

यावरची युक्ति मोठी चतुर आहे. एका क्षणाच्या आकृतींत आणि तिच्या पुढच्या आकृतींत फारसा फरक नसतो. मागचा डोंगर तोच, भिंत तीच. फक्त बोलणाऱ्याचे ओठ हललेले असतात. म्हणून कांहीं ठराविक आकृत्याच संपूर्ण साठवितात, आणि मधल्या आकृतींचा केवळ फरक तेवढा लिहून ठेवतात. शिवाय जे बारकावे मनुष्याच्या डोळ्यास जाणवत नाहींत ते गाळून टाकतात, आणि मोबाईलच्या लहान पडद्यासाठीं आकृतीच लहान घेतात. अशा रीतीनें मध्यम प्रतीच्या चित्रास सेकंदास दहा लक्ष बिट पुरले असें मानूं. दोन तासांचे ७२० कोटी बिट झाले. आठ बिटांचा एक बाइट होतो; तेव्हां आठानें भागून ९० कोटी बाइट, म्हणजे ९०० मेगाबाइट उरले. मूळच्या आकाराचा हा सुमारें बाराशेंवा हिस्सा होय. इंटरनेटचा वेग सेकंदास ऐशीं लक्ष बिट असेल, तर एवढा साठा पंधरा मिनिटांत उतरतो. आकार लहान करण्याची एच.२६४ नांवाची रीति २००३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि एव्हीवन ही तिच्याहून काटकसरी रीति २०१८ सालीं आली. या विद्येवांचून चित्रपटांची शिदोरी बांधणें शक्यच झालें नसतें.

ही सोय सर्वांस मिळूं लागून फार वर्षें झालेलीं नाहींत. यूट्यूबनें कांहीं चित्रफिती मोबाईलवर उतरवून ठेवण्याची सोय आपल्या देशांत २०१४ सालच्या अखेरीस दिली. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओनें ती २०१५ सालच्या सप्टेंबरांत मोबाईलवर दिली, आणि नेटफ्लिक्सनें ता. ३० नोव्हेंबर २०१६ रोजीं दिली. इतका विलंब लागण्याचें कारण केवळ यंत्राचें नव्हतें. चित्रपट बहुधा या कंपन्यांचे स्वतःचे नसतात. ते निर्मात्याकडून ठराविक मुदतीसाठीं आणि ठराविक देशांसाठीं घेतलेले असतात. प्रेक्षकाच्या हातीं सबंध प्रत दिली आणि ती त्यानें गांवभर वांटली, तर निर्मात्याचें नुकसान होणार. म्हणून प्रत द्यावयाची, पण कुलूप लावून द्यावयाची, असा मार्ग काढावा लागला. आमच्या वडिलांचा चित्रपट अडला तो याच कुलुपापाशीं.

हें कुलूप अंकांचें असतें. चित्रपटाचे सर्व तुकडे एका गुप्त संख्येच्या साहाय्यानें असे उलटसुलट केलेले असतात कीं, ती संख्या हातीं असल्याशिवाय त्यांतून कांहींच अर्थ निघूं नये. या कामीं जी रीति सर्वत्र वापरतात, ती बेल्जियममधील दोघां संशोधकांनीं रचलेली असून अमेरिकेच्या मानक संस्थेनें ती २००१ सालीं प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यांतील लहानांत लहान किल्ली १२८ बिटांची असते. अशा किती वेगवेगळ्या किल्ल्या होऊं शकतात तें लिहावयाचें झाल्यास ३९ अंकी संख्या लिहावी लागेल! एक एक किल्ली लावून पाहण्याची गोष्टच नको.

आतां लक्षांत घेण्याजोगा मुद्दा असा कीं, आपण चित्रपट उतरवितों तेव्हां दोन वस्तु मोबाईलवर येतात. एक कुलुपांतला चित्रपट, आणि दुसरा त्याच्या किल्लीचा परवाना. हा परवाना मोबाईलच्या सुरक्षित कप्प्यांत राहतो, आणि त्या एकाच मोबाईलला बांधलेला असतो. म्हणूनच चित्रपटाची फाइल मित्राच्या मोबाईलवर नेली तरी तेथें ती उघडत नाहीं. परवान्यांत मुदतही लिहिलेली असते. नेटफ्लिक्सवर कित्येक चित्रपटांची मुदत सात दिवसांची असते, आणि कांहींची पाहावयास आरंभ केल्यापासून ४८ तासांनीं संपते. प्राइम व्हिडिओवर साधारणपणें तीस दिवस मिळतात. परंतु एकदां आरंभ केला कीं बहुधा ४८ तासांच्या आंत पुरें करावें लागतें. मुदत संपली म्हणजे चित्रपट नाहींसा होतोच असें नव्हे. तो तेथेंच असतो, जागाही अडवितो. फक्त त्याची किल्ली निकामी होते. इंटरनेट असेल तर बहुधा क्षणांत नवी किल्ली मिळते. परंतु इंटरनेट नाहीं म्हणूनच ज्यानें शिदोरी बांधली, त्यास ती किल्ली कोठून मिळावी?

सारांश, उतरवून घेतलेला चित्रपट ही आपली मालमत्ता नव्हे. तो आपणांस वाचनालयाच्या पुस्तकाप्रमाणें मुदतीनें मिळालेला असतो. पुस्तक आपल्या दप्तरांत असलें तरी त्यावरचा शिक्का वाचनालयाचा असतो, आणि परत करण्याची तारीख पहिल्या पानावर लिहिलेली असते. आम्हीं पुस्तक नेलें, पण तारीख वाचली नाहीं. दोष कोणाचा असेल तर तो आमच्या आळसाचा होय.

हें जाणल्यावर करावयाचें काय, तें सोपें आहे. प्रवासाच्या आदल्या रात्रीं, वायफाय असतांनाच, ॲपमधील डाउनलोडची यादी उघडून प्रत्येक नांवाखालीं मुदत पाहावी, व संपली असल्यास वाढवून घ्यावी. त्यानंतर मोबाईल विमानांतल्या स्थितींत, ज्यास एअरप्लेन मोड म्हणतात त्यांत घालावा, आणि चित्रपट एकदां सुरू करून पाहावा. मात्र ज्याची मुदत आरंभापासून मोजली जाते, त्याची ही परीक्षा निघण्याच्या थोडेंच आधीं करावी. नाहींतर परीक्षेंतच मुदत खर्च व्हावयाची. संवादांची भाषा आणि खालचीं अक्षरें यांची निवडही तेव्हांच तपासावी, कारण न उतरविलेली भाषा बोगद्यांत मिळत नाहीं. लहान पडद्यास मध्यम प्रत पुरते. अतिस्पष्ट प्रत घेऊन जागा अडवूं नये. पाहून झालेलें लागलीच काढून टाकावें. डब्यांत इतर माणसें असतात, तेव्हां इअरफोनवांचून चित्रपट लावूं नये, हें सांगण्याची गरज पडूं नये अशी आमची इच्छा आहे.

पालकांस एक विनंति आहे. मुलांनीं काय उतरविलें याची यादी त्यांच्या शेजारीं बसून पाहावी. ती चौकशी म्हणून न पाहतां सोबत म्हणून पाहावी. घरांत मोबाईल एकच असेल आणि इंटरनेटचा खर्च बेताचा असेल, तर जेथें वायफाय मोफत व विश्वासाचें आहे तेथें आठवड्याचें साहित्य उतरवून घेणें हा काटकसरीचा मार्ग आहे.

आतां एक नाजूक गोष्ट. कुलूप अडतें तर फोडावें, किंवा कुलूप नसलेली चोरटी प्रत कोठून तरी मिळवावी, असा मोह कित्येकांस होतो. आमच्या देशाच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली. हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड, अशी तरतूद तींत आहे. परंतु शिक्षेच्या भयापेक्षां दुसरें एक कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. चित्रपट एका माणसाचा नसतो. दिवे धरणारा, कपडे शिवणारा, ध्वनि जोडणारा, अशा शेंकडों हातांची ती मजुरी असते. आपल्या शेतांतील भाजी कोणीं न विचारतां तोडून नेली तर आपणांस जें वाटेल, तेंच त्यांस वाटतें. शिवाय चोरट्या प्रतींच्या ठिकाणांहून मोबाईलमध्यें विघातक प्रोग्राम शिरण्याचें भय असतें, तें निराळेंच.

मग कायमचें जवळ ठेवावें असें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. शासनाच्या दीक्षा ॲपवर, जें २०१७ सालीं सुरू झालें, शालेय पाठ मोबाईलवर उतरवून इंटरनेटशिवाय पाहतां येतात. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतां येतात. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें राहतो. म्हणजे दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. तो सर्वांचा आहे. अशा गोष्टी शोधून जतन करणें हें विद्यार्थ्यांस सहज करण्याजोगें काम आहे.

आणि एक साठा असा आहे कीं, ज्यास कोणाचाच परवाना लागत नाहीं. त्याची ओळख आम्हांस उशिरां पटली. त्या प्रवासानंतर आमच्या वडिलांच्या डोळ्यांचें दुखणें बळावलें. पुढें आम्हीं तो चित्रपट, मुदत नीट पाहून, घरीं लाविला; परंतु आतां त्यांस पडद्यावर उजेड व सांवली एवढेंच दिसतें. ते संवाद ऐकतात, आणि कोणता प्रसंग आला तें आम्हांसच सांगतात. गाडींतल्या त्या दिवशीं त्यांस चित्र स्पष्ट दिसलें असतें. तेवढा एक दिवस आम्हीं तारीख न वाचल्यामुळें गमाविला, आणि तो वाढवून देणारा परवाना कोणाजवळही नाहीं.

तेव्हां एके संध्याकाळीं आम्हीं त्यांच्याजवळ मोबाईल ठेविला, ध्वनिमुद्रणाचें बटण दाबलें आणि म्हटलें, "ती गोष्ट पुन्हां एकदां सांगा." त्यांनीं ती सांगितली. तंबूचा वास, जमिनीवर अंथरलेलीं पोतीं, रीळ तुटल्यावर झालेला गलका, असें जें त्या चित्रपटांत मुळींच नाहीं तेंही सांगितलें. पाऊण तासाचें तें मुद्रण आज आमच्या मोबाईलवर आहे, आणि त्याची दुसरी प्रत बहिणीच्या मोबाईलवर आहे. त्यास कुलूप नाहीं आणि मुदत नाहीं. बोगद्यांतही तें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत गांवीं जातांना चित्रपटांची शिदोरी अवश्य बांधा. मात्र निघण्यापूर्वीं तिची तारीख वाचा. आणि परत येतांना आपल्या आजीआजोबांच्या तोंडची निदान एक गोष्ट त्याच मोबाईलवर उतरवून आणा, एवढेंच सांगून हा पाठ येथें पुरा करतों.